ताजमधली एक रात्र आणि बाबांचा प्रश्न

प्रश्न असा आहे: "आम्ही कराडचे. बाबा एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. फेब्रुवारीत आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतात. त्यांना मुंबईत गेटवेसमोरच्या ताजमध्ये एक रात्र ठेवायचं मनात आहे. सगळं मिळून ६० हजारांत बसवायचंय. खोली कुठली घ्यावी, कपडे काय घालावेत, टिप किती द्यावी, छुपे खर्च कुठले? बाबांना विचारलं तर म्हणतात, आपल्यासारख्यांना तिथं कोण विचारतं?"

माझ्याबद्दल आधी दोन शब्द. १९९४ साली दादरच्या कॅटरिंग कॉलेजातून बाहेर पडले आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं दक्षिण मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांत काढली, सुरुवातीला हाऊसकीपिंगमध्ये, म्हणजे खोल्या आवरण्याच्या कामात, आणि नंतर फ्रंट ऑफिसला, म्हणजे स्वागताच्या काउंटरवर. ताजमध्ये नोकरी केलेली नाही. पाहुणी म्हणून दोनदा राहिले आहे, आणि या धंद्यातली माणसं इकडची तिकडे जात असतात, त्यामुळे अशा ठिकाणचं आतलं कामकाज ठाऊक आहे. खाली 'आमच्याकडे' म्हणेन ते दुसरं हॉटेल समजा.

तुम्ही चार प्रश्न विचारलेत आणि पाचवा बाबांच्या तोंडी घातलात. खरा प्रश्न तो पाचवाच. एवढे पैसे घालून आई-बाबा रात्रभर खुर्चीच्या कडेवर बसून राहिले तर काय, ही तुमची काळजी आहे. ती रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

बाबांना 'असं काही नसतं हो' म्हणून उडवून लावू नका. असं असतं, मी पाहिलंय. २००३-०४ च्या सुमारास आमच्याकडे एक जोडपं आलं. सत्तरीचे गृहस्थ, धोतर, काळी टोपी. बरोबर नऊवारीतल्या बाई, हातात कापडी पिशवी. मुलगा परदेशात होता, त्यानं तिकडून खोली घेतली होती. काउंटरवर नवी मुलगी होती. तिनं अगदी शिकवल्याप्रमाणे हसून इंग्रजीत विचारलं, आपल्याला कुणाला भेटायचंय? गृहस्थ काही बोलले नाहीत. खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून त्यांनी काउंटरवर ठेवला. आरक्षणाचं पत्र होतं ते. मी मागच्या खोलीतून बाहेर येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. मग आम्ही वरच्या दर्जाची खोली दिली, फुलं पाठवली, मी स्वतः जाऊन माफी मागितली. बाई म्हणाल्या, "राहू दे गं, पोर लहान आहे." पण दोघंही दुसऱ्या दिवशी निघेपर्यंत खाली उतरले नाहीत. जेवणसुद्धा खोलीतच मागवलं.

त्या मुलीची चूक होतीच, पण माझी जास्त होती. त्या दिवशीच्या अरायव्हल लिस्टवर, म्हणजे येणाऱ्या पाहुण्यांच्या यादीवर, नाव होतं मुलाचं. येणाऱ्या माणसांची नावं, वय, भाषा, यातलं काहीच कुणी विचारून घेतलं नव्हतं. तिच्या लेखी त्या नावाचा कुणी तरुण साहेब यायचा होता.

मोठ्या हॉटेलात रोज सकाळी ब्रीफिंग होतं. आज कोण येणार, किती वाजता, कुठली खोली ब्लॉक केली आहे, काही विशेष आहे का, हे सगळं तिथं वाचून दाखवतात. दारावरचा माणूस, बॅगा सांभाळणारा बेल डेस्क, काउंटर, हाऊसकीपिंग, सगळ्यांपर्यंत ते जातं. त्या कागदावर तुमच्याविषयी दोन ओळी असतील तर तुम्ही 'ओळखीचे' होता, नसतील तर नुसता खोली क्रमांक. बाबांच्या 'कोण विचारतं' या प्रश्नाचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे: ज्याची माहिती आधी पोचली त्याला विचारतात. नेहमीचे श्रीमंत पाहुणे आपोआप विचारले जातात असं वाटतं ना, त्यांची माहिती गेल्या खेपेपासून कॉम्प्युटरात साठलेली असते इतकंच. तुमची पहिलीच खेप आहे, म्हणून ती तुम्ही पुरवायची.

तेव्हा आरक्षण करताना पाहुणे म्हणून दोघांची नावं घाला, आधार कार्डावर आहेत तशीच. पैसे भरणारे तुम्ही, हे वेगळं लिहा. मग तारखेच्या चार-पाच दिवस आधी हॉटेलला एक ईमेल करा. इंग्रजीत लिहा, साधं लिहा. दोघांची वयं, लग्नाचा चाळिसावा वाढदिवस, बोलायला मराठी सोयीची, पोचण्याची वेळ, गाडीचा नंबर, खाण्याचं पथ्य. केक मागू नका, फुलं मागू नका. नुसता प्रसंग कळवा. अशा हॉटेलांत बहुधा काही ना काही येतंच, आणि न मागता आलेल्याची गोडी वेगळी असते. आई अंडं खात नसतील तर तेवढं मात्र लिहा, नाहीतर आलेला केक तसाच परत जायचा.

हा ईमेल पाठवून थांबू नका. आदल्या दिवशी फोन करून 'नोंद झाली का' विचारा. रिझर्व्हेशनचे लोक आणि काउंटरचे लोक वेगळे असतात, आणि मधल्या मधे ईमेल हरवण्याची कला सगळ्याच हॉटेलांना अवगत आहे.

आता पोचण्याचं. खोली दुपारी २ नंतर मिळते. कराडहून पहाटे निघालात तर अकरा-साडेअकराला पोचाल आणि खोली तयार नसेल तर तीन तास लॉबीत. हे टाळाच. प्रवासानं आंबलेल्या अंगानं त्या लॉबीत तीन तास बसणं म्हणजे पुढच्या सगळ्या मजेवर पाणी. लवकर पोचलातच तर बॅगा बेल डेस्कला ठेवा आणि वस्तुसंग्रहालयात जा, चालत जाण्याजोगं आहे. नाहीतर सरळ अडीच-तीनला पोचा.

दारात गाडी तपासतात, बॅगा यंत्रातून जातात, माणसंही. २००८ नंतर मुंबईतल्या सगळ्या मोठ्या हॉटेलांत हे आहे आणि मंत्र्याच्या पाहुण्यालाही चुकत नाही. बाबांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर त्यांना वाटेल आपल्यालाच अडवलं. ओळखपत्रं मूळ लागतात. पॅन कार्ड चालत नाही, त्यावर पत्ता नसतो.

आणि बॅग. आमच्या दारात मी जितक्या ओढाताणी पाहिल्या त्यातल्या निम्म्या मराठी बाबा आणि बेलबॉय यांच्यातल्या. 'असू द्या हो, हलकी आहे' म्हणत बाबा सोडत नाहीत, आणि त्या पोराचं कामच ते असल्यानं तोही सोडत नाही. बाबांना म्हणावं, तुमच्या गाडीत कुणी स्वतःचं तिकीट स्वतः फाडून घ्यायला लागला असता तर तुम्ही काय म्हटलं असतंत? त्याचं काम त्याला करू द्या.

मराठीत बोला, पहिल्या वाक्यापासून. हे मी अभिमान वगैरे म्हणून सांगत नाही, सोय म्हणून सांगते. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत दारावर, चादरी-टॉवेलांच्या लिनन विभागात, हाऊसकीपिंगला, किचनला मराठी माणसं भरपूर असतात. लालबाग-परळची, कोकणातली, घाटावरचीही. काउंटरवरचा इंग्रजीत सुरू झाला तरी तुम्ही मराठीत उत्तर द्या. त्याला येत नसेल तर तो येणाऱ्याला बोलावेल. आमच्याकडे रत्नागिरीकडचे एक निवृत्त तलाठी राहायला आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत सापडेनात. शोधलं तर मजल्यावरच्या पँट्रीत, आमच्या रूम अटेंडंटबरोबर उभ्यानं चहा पीत होते. दोघांची गावं एका खाडीच्या दोन काठांवरची निघाली. नियमात बसत नव्हतं. मी दार लोटून निघून आले.

खोलीच्या आतलं आता सांगते. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण वयस्कर पाहुण्यांची खरी फजिती इथं होते आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

पहिलं, न्हाणीघर. आजकालच्या महागड्या खोल्यांत न्हाणीघर आणि झोपण्याची जागा यांच्यामध्ये काचेची भिंत असण्याची फॅशन आहे. पडदा असतो, पण त्याचं बटण कुठं ते सापडत नाही. आधी विचारा: भिंत काचेची आहे का? असेल तर दुसरी खोली मागा, किंवा बेलबॉयकडून ते बटण बघून घ्या. दुसरं, नुसता टब नको. टबाची कड उंच, आतून गुळगुळीत. साठीच्या पुढच्या गुडघ्यांना तो धोकाच. 'वेगळा शॉवर हवा, टबात चढायला लागू नये' असं स्पष्ट लिहा आणि खाली घालायची रबरी चटई मागा. तिसरं, बादली आणि मग. हसू नका. भारतातल्या कुठल्याही चांगल्या हॉटेलात हाऊसकीपिंगला फोन केला की बादली-मग येतात. आमच्या स्टोअरमध्ये त्यांची स्वतंत्र फळी होती. किती बड्या लोकांच्या खोलीत आम्ही त्या पोचवल्यात ते सांगितलं तर बाबांचा संकोच तिथंच संपेल.

मग अंथरूण. हाऊसकीपिंगच्या पहिल्या वर्षी मला एक कोडं पडायचं. काही खोल्यांत सकाळी पलंग जवळजवळ न मोडलेला, वर नुसता चुरगळलेला, आणि खुर्चीवर घरची शाल. पुढं उलगडा झाला. रजईच्या कडा गादीखाली घट्ट खोचलेल्या असतात. आत शिरायचं कसं ते कळत नाही, आणि एवढं छान अंथरूण आपण कशाला विस्कटा, असंही वाटतं. म्हणून माणसं वरच झोपतात आणि एसीनं कुडकुडतात. निघण्याआधी तुम्ही स्वतः रजई ओढून मोकळी करा. गादी फार मऊ असते. पाठीचा त्रास असेल तर गादीखाली घालायची फळी मागता येते. एसी २४-२५ वर ठेवून द्या. पलंगाशेजारच्या बटणांतलं सगळे दिवे एकदम घालवणारं कुठलं, ते आईला दाखवा. रात्रभर दिवे जाळून झोपलेले पाहुणे मी मोजू शकणार नाही इतके पाहिलेत.

संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास कुणीतरी दारावर घंटी वाजवेल. पडदे ओढायला, अंथरूण लावायला, पाणी ठेवायला. याला टर्नडाऊन म्हणतात. हे माहीत नसलं की 'आपलं काही चुकलं का' अशा चेहऱ्यानं दार उघडलं जातं. आधी सांगून ठेवा, बस.

आता खोली कुठली. हे ६० हजारांच्या आकड्यावर आणि तारखेवर अवलंबून आहे, त्यामुळे छातीठोक सांगता येणार नाही, पण विचार कसा करायचा ते सांगते.

ताजचे दोन भाग आहेत. जुना घुमटवाला पॅलेस आणि त्याला लागून १९७३ चा उंच टॉवर. पॅलेस १६ डिसेंबर १९०३ ला सुरू झाला. गेटवेचं काम पुरं झालं १९२४ मध्ये, म्हणजे दोघांत गेटवे धाकटा, चांगला एकवीस वर्षांनी. बाबांना हे सांगा, बहुतेकांना उलटंच वाटतं. आणखी एक सांगा: या इमारतीचा मूळ आराखडा ज्यांनी केला त्यांत डी. एन. मिर्झा यांच्याबरोबर नाव आहे रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य यांचं. पुढं काम पुरं केलं डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजानं. 'आपल्यासारख्यांना' म्हणणाऱ्या माणसाला एवढी माहिती पुरे. गेटवेवरचे गाइड अजून एक गोष्ट ऐकवतात, की इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि त्या धक्क्यानं आर्किटेक्टनं जीव दिला. ती खोटी आहे. प्रवेश मूळचाच शहराच्या बाजूनं ठेवला होता, आज तिथं पोहण्याचा तलाव आहे.

पॅलेसची खोली म्हणजे उंच छत, जुने कॉरिडॉर, तो प्रसिद्ध जिना. टॉवर म्हणजे नेटकी, आधुनिक खोली, भाडं बहुधा कमी, आणि वरच्या मजल्यावरून बंदर लांबवर दिसतं. लोक सरसकट 'पॅलेसच घ्या' म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. पॅलेसची शहराकडे तोंड केलेली खोली आणि टॉवरची समुद्राकडची खोली साधारण एकाच भावात मिळत असतील, तर तुमच्या आई-बाबांसाठी मी डोळे झाकून समुद्र घेईन. कारण शेवटी सांगते. पॅलेसची समुद्राकडची बजेटात बसली तर प्रश्नच मिटला, पण फेब्रुवारी हा लग्नांचा आणि परदेशी पाहुण्यांचा महिना, आशा कमी ठेवा.

इथं एक शब्द नीट वाचायचा: 'विनंतीनुसार'. आरक्षणावर 'समुद्राकडची खोली, विनंतीनुसार' असं असेल तर हॉटेलनं कबूल काही केलेलं नाही. खोलीच्या प्रकाराच्या नावातच समुद्र असायला हवा, आणि पैसेही त्याच प्रकाराचे भरलेले असायला हवेत. साधी खोली घेऊन वर 'वाढदिवस आहे, जरा चांगली द्या' या भरवशावर जाऊ नका. खोली रिकामी असेल तर देतात, मीही शेकडो दिल्यात. पण भरलेल्या हॉटेलात कितीही गोड माणूस समोर उभा असला तरी नसलेली खिडकी काढून देता येत नाही.

वाढदिवसाच्या नेमक्या तारखेचा हट्ट आहे का, ते घरात ठरवा. नसेल तर त्या आसपासच्या रविवारची रात्र बघा. माझ्या अनुभवात मुंबईत रविवारची रात्र सगळ्यात सैल असते. लग्नं उरकून लोक दुपारी गेलेले असतात आणि कंपन्यांचे पाहुणे सोमवारी यायचे असतात. भाडंही उतरतं आणि नोकरवर्गाला तुमच्याकडे बघायला वेळ असतो. दुसरी गोष्ट मला पैशापेक्षा मोठी वाटते.

पैशाचं गणित असं. वेबसाइटवर मोठ्या अक्षरात दिसतं ते बहुधा कराआधीचं. ७,५०० च्या वरच्या खोलीला १८ टक्के जीएसटी. समजा खोली ३० हजारांची, तर ५,४०० वर, झाले ३५,४००. उरले २४,६००. त्यात गाडी, पेट्रोल, टोल, जेवण, चहा, टिप. म्हणून माझा सल्ला, कर धरून खोली ३५-३६ हजारांच्या पुढं जाऊ देऊ नका आणि न्याहारीसकटच घ्या. न्याहारी वेगळी घेतली तर महाग पडते, आणि त्याहून वाईट म्हणजे बाबा 'बाहेर वडापाव खाऊ' म्हणतील. हे गणित तुमच्या तारखेला बसत नसेल तर रात्र रद्द करा, बेत नाही: ताजच्याच समुद्राकडच्या सी लाउंजमध्ये दुपारचा चहा घ्या आणि राहायला जवळच साध्या हॉटेलात जा. कर्ज काढून किंवा कार्डावर हप्ते पाडून ही रात्र करू नका. कंडक्टर माणूस आहे, त्यांना हिशेब लागल्याशिवाय राहणार नाही.

छुप्या खर्चांत सगळ्यात चकवणारा खर्च हा मुळात खर्चच नसतो. चेक-इनला खोलीच्या भाड्यावर आणखी काही रक्कम कार्डावर अडवून ठेवतात, जादा खाण्यापिण्याची हमी म्हणून. क्रेडिट कार्डावर ती नुसती अडते. डेबिट कार्ड दिलंत तर पैसे खात्यातून जातातच आणि परत यायला आठवडाही लागू शकतो. किती अडवणार ते फोनवर विचारून ठेवा आणि क्रेडिट कार्ड द्या. रोखीनं बिल भरायचा विचार असेल तर ठरावीक रकमेच्या वर पॅन द्यावा लागतो. बाकी ओळखीचेच: मिनीबार, लाँड्री, काचेच्या बाटलीतलं पाणी. खोलीत ठेवलेलं साधं पिण्याचं पाणी फुकट असतं, उंची काचेची बाटली पुष्कळदा नसते. काही हॉटेलांत मिनीबारमधली वस्तू नुसती उचलली तरी नोंद होते. आईला फ्रिजमध्ये घरचा डबा ठेवायचा असेल तर तो आधी रिकामा करून मागा. बिलावर सेवाशुल्क लावलेलं दिसलं तर ते ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं तसं सांगतात. नको असेल तर शांतपणे काढायला सांगा.

आणि चेक-इनला काउंटरवर एक वाक्य बोला: सगळे जादा खर्च माझ्या कार्डावर, बिल सहीला आई-बाबांकडे नेऊ नका. आम्ही याला बिलिंग इन्स्ट्रक्शन म्हणतो, रोजचं काम आहे. एवढ्यानं अर्धा संकोच जातो. नाहीतर दोन कॉफींचं बिल बघून बाबा रात्री कूस बदलत राहतील.

कपड्यांवर लोक सगळ्यात जास्त काळजी करतात आणि तो विषय सगळ्यात छोटा आहे. स्वच्छ, इस्त्रीचं, नेहमीचं. बाबांचा पांढरा शर्ट-पँट, आईची चांगली सुती किंवा रेशमी साडी. पायात घरची रबरी चप्पल तेवढी नको. नवे बूट तर अजिबात नकोत. संगमरवरावर घसरतात, चावतात आणि चेहऱ्यावर दिसतात.

टिपची सक्ती नाही. द्यायचीच तर बॅगा वर आणणाऱ्याला १००-२०० रुपये पुष्कळ झाले. जाताना खोली आवरणाऱ्यासाठी उशीवर एखादी नोट आणि चिठ्ठीवर 'धन्यवाद' मराठीत. हाऊसकीपिंगवाली म्हणून सांगते, नोट खर्च व्हायची, चिठ्ठ्या मात्र मी डब्यात ठेवल्यात.

जेवणाबद्दल. संध्याकाळचा चहा सी लाउंजला घ्या, खिडकीजवळचं टेबल आधी सांगून. पहिल्या मजल्यावर आहे, समोर गेटवे आणि बंदर. तिथं शेवपुरी-भेळही मिळते, त्यामुळे आईला काय मागवावं हा प्रश्न पडणार नाही. मुंबईतल्या सधन घरांतले कितीतरी बघण्याचे कार्यक्रम याच टेबलांवर झालेत. चाळीस वर्षांपूर्वीचा स्वतःचा कार्यक्रम आठवून आई हसतील अशी माझी कल्पना. रात्री मोठ्या रेस्टॉरंटचा अट्टहास नको. दिवसभराचा प्रवास, संध्याकाळी उशिरा खाल्लेलं. रात्री खोलीत वरण-भात, दही मागवलं तरी येतं. त्या दिवशी चतुर्थी किंवा कसला उपवास असेल तर आदल्या दिवशी कळवा. किचनला वेळ मिळाला की साबुदाण्याची खिचडीही होते. ऐन वेळी सांगितलं की फळांची बशी येते.

हॉटेलात राहणाऱ्यांसाठी हेरिटेज वॉक असतो, हॉटेलचा माणूस जुन्या इमारतीतून फिरवतो. वेळ आणि जागा आधी विचारून नावं घाला. टॉवरमध्ये राहिलात तरी पॅलेस असा बघायला मिळतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात हॉटेलमध्ये बळी गेलेल्या ३१ जणांची नावं कोरलेलं स्मारक आतच आहे. पॅलेसचा भाग दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० ला पुन्हा उघडला. तिथं दोन मिनिटं उभं राहा. बाबा टोपी घालत असतील तर न सांगता काढतील.

तुम्ही स्वतः काय करायचं? चेक-इनला बरोबर राहा, खोली दाखवा, चहा, फेरफटका, आणि मग निघा. दादरला नातेवाईक असतील तर तिथं झोपा. मुलगा सतत बरोबर असला की आई-वडील पाहुणे राहत नाहीत, पुन्हा आई-वडील होतात. तुझं जेवण झालं का, तुला परवडतंय का, हेच चालतं. फोन चालू ठेवा म्हणजे झालं.

समुद्राकडच्या खोलीचं कारण सांगायचं राहिलं. कराडची माणसं मुंबईत आली की गेटवेला येतात आणि ताजकडे पाठ करून फोटो काढतात. एसटीत असताना मुंबईची ड्यूटी लागली असेल तर बाबाही कधीतरी तिथं उभे राहिले असतीलच. आई-बाबा पहाटे पाचला उठणार, सवयच तशी असते. खोलीत किटली आणि चहाचं सामान असतं, चहा करून घेतील. मग साडेसहाच्या सुमारास, फोटोवाले आणि गर्दी यायच्या आत, त्यांना खाली गेटवेच्या फरसबंदीवर जायला सांगा आणि मागं वळून आपली खिडकी शोधायला सांगा. त्यासाठी मजला आणि कडेपासूनची कितवी खिडकी हे रात्रीच मोजून ठेवायला लागतं, आणि खूण म्हणून दिवा चालू ठेवायला लागतो. खोलीचं कार्ड दिव्याच्या खाचेत असतं, ते काढलं की दिवे जातात. म्हणून काउंटरवरून दुसरं कार्ड मागून घ्या. एक खाचेत राहील. दुसरं बाबांच्या शर्टाच्या खिशात असू द्या, परत आत जाताना लागेल.